मदत हवी आहे: कल्याणचा डिझेल लोको शेड बघायचाय

नमस्कार मंडळी. राहते डोंबिवलीला. भाचा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला आणि त्याच्या सात मित्रांना कल्याणचा डिझेल लोको शेड (रेल्वेची डिझेल इंजिनं दुरुस्त करतात ती जागा) आतून बघायचाय. रोज लोकलच्या खिडकीतून इंजिनं दिसतात, पण लांबून बघून काय कळणार!

कॉलेजात असताना मी एकदा असा शेड पाहिलाय. उघडलेलं अल्को (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या बनावटीचं) इंजिन, 16 सिलिंडर, व्ही आकारात. क्रेनला लटकलेला पिस्टन 9 इंच व्यासाचा, म्हणजे आपली जेवणाची छोटी ताटलीच. एक काका ल्युब ऑइल (इंजिनाचं वंगण तेल) बाटलीत भरून लॅबला पाठवत होते. तेलात तांबं-लोखंड किती उतरलंय त्यावरून आतली झीज कळते म्हणाले. माणसाची रक्ततपासणी तशी ही! आणि डिझेल चाकं फिरवत नाही, वीज तयार करतं, चाकं फिरवतात ट्रॅक्शन मोटर (त्या विजेवर चालणाऱ्या मोटरी), हे मला तिथेच नीट कळलं. पुस्तकात वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

विद्युतीकरणामुळे डिझेलची कामं कमी होत चालली आहेत, म्हणून घाई.

आता अडचण. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज दिला, तर एका ऑफिसातून दुसरीकडे, तिथून परत पहिल्याकडे. अर्ज नेमका कोणाच्या नावे करायचा, सीनियर डीएमई (डिझेल), म्हणजे सीनियर डिव्हिजनल मेकॅनिकल इंजिनिअर, की आणखी कोणी? सेफ्टी शूज, हेल्मेट आपलं न्यावं लागतं का? फोटो काढू देतात का? शेडमध्ये काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा. शनिवारी जमलं तर उत्तम, पोरांचं कॉलेज बुडणार नाही.