चौदाव्या आठवड्यातच तलंगांना लेअर फीड चालू करू का?

हिंगण्याची ताई

नमस्कार. आमचं शेड हिंगण्याच्या पुढे, शेतातच आहे. मृगाच्या तोंडावर ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्यांची १२० पिल्लं आणली, ११० राहिली. (पहिल्याच आठवड्यात वादळात लाइन गेली, थंडीनं एकावर एक चढून सहा गुदमरली. ते दुःख वेगळंच.) आता चौदावा आठवडा लागला, तलंगा झाल्या (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या). आठ आठवडे स्टार्टर (पिल्लांचा दाणा) दिलं, मग ग्रोवर (वाढत्या वयाचा दाणा). परवा ग्रोवर आणायला गेली तर दुकानदार म्हणे, "आता लेअरच (अंड्यावरच्या कोंबड्यांचा दाणा) न्या ताई, लवकर अंड्यावर येतील." दोन पोती आणून ठेवली, शिवण अजून उसवली नाही. सासूबाईंचं आणखी तिसरंच. भंडाऱ्याहून मामेसासरे तांदळाची कणी पाठवतात, ती ग्रोवरमध्ये निम्मी मिसळ म्हणतात.

काल भाजीच्या काट्यावर २० जणी मोजल्या. सगळ्यात हलकी ८२० ग्रॅम, भारी १३४०, सरासरी १०८०. काही अशा टंच की हातात मावत नाहीत, आणि काहींचं छातीचं हाड बोटाला टोचतं. एकाच पोत्यातलं खातात ना बाप्पा, मग असं काहून? चार गोल फीडर आहेत, दाणा कधी संपू देत नाही. मुंगसाच्या भीतीनं रात्रभर बल्ब चालू असतो, हेही सांगून ठेवते.

उमरेडकर

काही होत नाही ताई. आमच्या आजीच्या कोंबड्या उकिरड्यावर उकरून मोठ्या झाल्या, कोणतं ग्रोवर अन् कोणतं लेअर! द्या बिनधास्त.

काटोल रोडवाले काका

उमरेडकर भाऊ, आजीची कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची अन् तेवढ्यात सारे खुश असायचे. ताईंना ग्रामप्रियाकडून दोनशे पाहिजेत.

ताई, शिवण उसवू नका. मी उसवली होती. ३०० तलंगा, अकरावा आठवडा, लेअर स्वस्तात मिळालं म्हणून चालू केलं. महिनाभर काही नाही. मग रोज एक-दोन पडायला लागल्या, चांगल्या खात्या-पित्या. दोन मेलेल्या पिशवीत घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेल्या. डॉक्टरांनी पोट फाडून दाखवलं: काळजावर, यकृतावर चुना फासावा तसा पांढरा थर, आणि मूत्रपिंडं सुजलेली. लेअर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ग्रोवरमध्ये एकच टक्का. अंड्याचं कवच बनवायचं नसताना एवढं कॅल्शियम रोज पोटात गेलं की सारा भार मूत्रपिंडावर. तो चुनेरी थर मी अजून विसरलो नाही.

आता खरं दुखणं. तुमचा घोळ पोत्यात नाही, फीडरमध्ये आहे. या वयात एका तलंगेला तोंड घालायला दहा सेंटिमीटर जागा लागते. ४० सेंटिमीटर व्यासाच्या गोल फीडरचा घेर सव्वाशे, म्हणजे बारा जणी. चार फीडरवर अठ्ठेचाळीस! उरलेल्या बासष्ट मागे उभ्या. दाणा संपत नाही हे खरं, पण दांडग्या आधी मक्याचा भरडा निवडून खातात, आणि हलकीच्या वाट्याला येतो तळाचा भुगा. सकाळी दाणा टाकल्यावर अर्धा तास शेडच्या दारात नुसतं उभं राहून पाहा. कोण कोणाच्या डोक्यावर चोच मारते ते दिसेल. सरासरीच्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे तुमच्या ९७० ते ११९० मध्ये, शंभरातल्या ऐंशी तरी बसल्या पाहिजेत. वीसपैकी किती बसल्या ते लिहा.

कणीत प्रोटीन आठच्या आसपास, ग्रोवरमध्ये सोळा. निम्मं-निम्मं केलं की बारा. कोंबडी गोल दिसेल, पण चरबीनं. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून संध्याकाळी मूठ-दोन मूठ उधळा, तेवढ्यानं बिघडत नाही.

आणि तो बल्ब आजच बंद करा. मुंगसासाठी जाळी पक्की करा. वाढत्या वयात उजेड जास्त झाला तर अंग भरायच्या आधी अंड्यावर येतात, बारकी अंडी देतात, कधी मागून अंग बाहेर येतं. बल्ब विसाव्या आठवड्यानंतर, तोही हळूहळू वाढवत सोळा तासांपर्यंत.

हिंगण्याची ताई

काकाजी, वीसपैकी अकरा! आज सकाळी उभी राहिली दारात. एक लाल मानेची आहे, ती फीडर सोडतच नाही. पण मग लेअर द्यायचं कधी? ही दोन पोती तोवर टिकतील का?

कळमेश्वरची

मी काकांचं काम थोडं हलकं करते. सतराव्या आठवड्यात, तुरे लाल व्हायला लागले की ग्रोवर अन् लेअर निम्मं-निम्मं. कॅल्शियम अडीच टक्क्यांच्या आत-बाहेर येतं. अंड्याआधीच्या दोन आठवड्यांत ते पायाच्या हाडांच्या पोकळीत साठतं, पहिल्या अंड्यांचं कवच तिथूनही निघतं. पहिलं अंडं दिसलं की पूर्ण लेअर. जंताचं औषध त्याआधी उरका. पोती मात्र परत करा. भादव्याच्या दमटपणात मक्याला बुरशी धरते, आणि बुरशीचं विष दिसत नसलं तरी तलंगेचं यकृत खातं.

हिंगण्याची ताई

दसरा झाला, म्हणून कळवते. दुकानदारानं एक पोतं बदलून दिलं, दुसऱ्यावर तोंड वाकडं केलं, पण दिलं. पाच फीडर नवे घेतले. हलक्या ३२ जणी बांबूच्या ताट्यांनी वेगळ्या केल्या. काल सतरा आठवडे भरले. मोजलेल्या वीसपैकी सोळा मापात, सगळ्यात हलकी ११५०. आजपासून निम्मं-निम्मं चालू.

लाल मानेची ती बया तुऱ्यानंही सगळ्यात लाल. आज पाठीवर हात ठेवला तर पंख पसरून खालीच बसली. सासूबाई म्हणाल्या, "आता अंड्यांच्या पेटीत तूस टाक."