मदत हवी आहे: उवा गेल्या, आता फण्या-ब्रशचं काय करू?

मैत्रिणींनो, लेकीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. शाळेतून आल्या की क्लासमधून, देव जाणे. डॉक्टरांनी सांगितलेलं परमेथ्रिनचं १ टक्क्याचं लोशन लावून झालंय, नवव्या दिवशी परत लावायचंय. डोकं मार्गी लागलं, प्रश्न सामानाचा आहे.

प्लास्टिकचे कंगवे आणि स्टीलची फणी ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात १० मिनिटं बुडवली, मग जुन्या टूथब्रशने घासली. पण सासूबाईंची दुहेरी दातांची लाकडी फणी आहे. दातांच्या मुळाशी तेलाचा काळा थर, त्यात चिकटलेल्या लिखा डोळ्यांना दिसतात. गरम पाण्याने लाकूड तडकेल का? दुसरा ताप रबरी गादीच्या ब्रशचा. भोकांतून पाणी आत शिरलं की मुंबईच्या या पावसात वाळता वाळत नाही, कुबट वास मारतो.

डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, म्हणून दोन्ही वस्तू पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे माळ्यावर टाकल्या तर चालेल ना? की आधी त्या लिखा सुईने काढायलाच हव्यात? सासूबाईंचं म्हणणं, रॉकेल लाव. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, गॅसशेजारी! अजिबात नाही. शेजारच्या काकू डेटॉल सांगतात. त्याने खरंच काही होतं का?

आणि दादर-परळकडे चांगली लाकडी फणी कुठे मिळते? फेकायची वेळ आलीच तर सासूबाईंसमोर बदली तयार हवी.