अन्ननलिकेचा जोड लीक झालाय, स्टेंट की व्हॅक्यूम स्पंज? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आज ११ वा दिवस. ७ व्या दिवशी ताप चढला, छातीतल्या ड्रेनमधून (साठलेलं पाणी बाहेर काढायची नळी) गढूळ पाणी यायला लागलं, मग डाय पाजून सीटी केला तर जठर वर ओढून जिथे जोडलंय तो जोडच सुटलाय म्हणे, साधारण दीड सेंटीमीटर. परत छाती उघडायची नाही, दुर्बिणीतूनच करू असं सर्जन म्हणाले तेव्हा जीव जरा भांड्यात पडला, पण दोन पर्याय दिलेत आणि उद्यापर्यंत सांगायचंय.

एक, कव्हर असलेला धातूचा स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, तो आतून भोक झाकतो, काही आठवड्यांनी काढायचा, पण खाली सरकू शकतो. दुसरा व्हॅक्यूम स्पंज. नाकातून घातलेल्या नळीच्या टोकाला स्पंज, त्याला बाहेरून मशीनची सतत ओढ, त्याने पू खेचला जातो आणि जखम भरत येते, पण दर ३ ते ५ दिवसांनी परत भूल देऊन बदलायचा. बाबा इतके खंगलेत की मला याचीच धास्ती वाटतेय.

तोंडाने थेंबही नाही, आतड्यात टाकलेल्या नळीतून फीड चालू आहे. ओल्या बोळ्याने ओठ पुसायला गेले की बोळाच चोखायला बघतात, बघवत नाही हो. कुणाच्या घरी हे झालंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या आईला स्पंज लावला होता, ६ वेळा बदलला. दर वेळी आम्ही घाबरायचो, पण त्याच वेळी डॉक्टरांना जखम आतून डोळ्यांनी दिसायची हा मोठा फायदा. एकच विचारा, भोकाच्या बाहेर पू साठलेली पोकळी आहे का? असेल तर नुसता स्टेंट टाकून पू तसाच राहतो, तो काढायला ड्रेन नीट चालू हवा. मोठी रक्तवाहिनी जवळ आहे का तेही विचारा, स्पंजने क्वचित रक्तस्राव होतो. आणि नंतर जोड आवळला तर फुग्याने रुंद करतात, आईचं दोनदा केलं, आता ती भात खाते.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. विचारलं, पोकळी आहे, रक्तवाहिनी लांब आहे. सकाळी स्पंज बसवला, मशीनवर ओढीचा १२५ आकडा दिसतोय आणि बाटलीत तासाभरातच दोन बोटं गढूळ पाणी जमलं. बाबा झोपलेत. पहिला बदल शुक्रवारी, तेव्हा कळवते.