मदत हवी आहे : राजेंद्रनगरात वस्तीची भाजीबाग

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजेंद्रनगरात आम्ही काही बायका मिळून गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत भाजी लावायचं म्हणतोय. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, त्यात भाजी नसते. पावसाळ्यात मेथीची पेंडी महागली की पोरांच्या ताटात नुसता आमटी-भात.

खरी अडचण मातीची. तिथं बांधकामाचा राडारोडा पडलाय. खणत बसण्यापेक्षा विटा रचून फूटभर उंच वाफे करावेत, त्यात माती, शेणखत आणि उसाचं पाचट (ऊस तोडल्यावर उरणारा वाळका पाला) भरावं, असं मला वाटतं. पाचटाला आपल्याकडं काय तोटा! पण कच्चं पाचट कुजताना मातीतलं नत्र ओढतं, भाजी पिवळी पडते. मग ते आधी किती महिने कुजवायचं? शेण किती मिसळायचं? कुणी केलं असेल तर नीट सांगा.

शेजारचे मामा म्हणतात, पंचगंगेचा गाळ आणा, फुकट आहे. मला धास्ती वाटते, शहराचं सांडपाणी नदीतच जातं की. गाळ वापरायच्या आधी कशाकशाची तपासणी करून घ्यावी? नाल्याचं पाणी तर पालेभाजीला नकोच.

जागा महापालिकेची आहे. लेखी परवानगीचा अर्ज कुठल्या विभागाकडं द्यायचा?

आणि वाटप कसं करायचं? राबतील त्यांनाच भाजी, की गरोदर बायकांना आधी? यावरून आमच्यात आत्ताच वाजलंय. शेवगा मात्र कडेनं लावणारच, पाला तरी सगळ्यांना मिळेल.