रत्नागिरीची संग्रहालयं: तुम्ही काय पाहिलंत, आणि सोबत कोण होतं?

मे महिन्यात आईला घेऊन रत्नागिरीला गेले होते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण तिथलंच, पण थिबा राजवाड्यात मी त्याआधी एकदाच गेले होते, चौथीच्या सहलीत. तेव्हाचं फक्त एवढं आठवतं की बाईंनी रांगेतून हात सोडू नका म्हणून दम दिला होता.

या वेळी निवांत पाहिला. ब्रह्मदेशचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याची राजधानी मंडाले घेतली, राजाला आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. हा जांभ्या दगडाचा, सागवानी लाकडाचा वाडा त्याच्यासाठी बांधून पुरा झाला 1910 मध्ये. म्हणजे 24 वर्षं तो दुसऱ्याच घरांत राहिला, आणि स्वतःसाठी बांधलेल्या घरात जेमतेम सहा वर्षं. 1916 च्या डिसेंबरमध्ये तो इथेच गेला. ही वजाबाकी मी पहिल्यांदाच केली आणि मग त्या अर्धगोल खिडक्यांकडे बघणं जड झालं.

पण मला लिहायचं आहे ते आईबद्दल. राजवाड्यात पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे, त्यात दगडी मूर्तीही मांडल्या आहेत. आई एका भंगलेल्या मूर्तीपुढे थांबली. एक हात कोपरापासून नाही, चेहरा पावसापाण्याने झिजून गुळगुळीत झालेला. आईने चपला काढल्या, बाजूला सरकवल्या आणि हात जोडले. मी इकडेतिकडे बघायला लागले, कोणी काही बोलेल का म्हणून. तिथले कर्मचारी काका उठले, आपली खुर्ची आणून आईजवळ ठेवली आणि परत जागेवर गेले. आई बसली. बराच वेळ बसली. मग मला म्हणाली, "भंगली म्हणून देवळातून काढतात गो. पण कोणीतरी हिला रोज न्हाऊ घातलं असेल ना."

तेव्हापासून वाटतंय की संग्रहालय पाहताना सोबत कोण आहे यावर आपल्याला काय दिसणार हे ठरतं. म्हणून हे आवाहन. रत्नागिरीत किंवा आसपासच्या किनाऱ्यावर तुम्ही काय पाहिलंत, आणि ते तुम्हाला कोणी दाखवलं, ते लिहा. मोठं लिहा, छोटं लिहा. (जाणाऱ्यांसाठी: सोमवारी राजवाडा बंद असतो.)

*

रत्नागिरीहून, निवृत्त शिक्षिका

तुम्हाला रांगेतून हात सोडू नका म्हणणाऱ्या बाई मीच असू शकते! अशा सहली मी पंचवीसएक वर्षं नेल्या.

सुरुवातीला मी मुलांना सनावळी सांगायचे. मुलं जांभया द्यायची. एका वर्षी सनावळी बाजूला ठेवली आणि राजाच्या मुलींची गोष्ट सांगितली. चार राजकन्या. थोरल्या दोघी मंडालेच्या राजवाड्यात जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, धाकटी आपल्या रत्नागिरीत. सगळं लहानपण, तरुणपण या गावात, पहाऱ्यात. थोरलीने इथल्याच एका मराठी माणसाशी नातं जोडलं. तिची मुलगी टुटू याच गावात मोठी झाली, मराठी बोलली, इथेच संसार केला आणि म्हातारी होऊन इथेच वारली. राजाची सख्खी नात आपल्या बाजारात भाजी घ्यायची, हे ऐकल्यावर वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा एकदम गप्प झाला. मग त्याने विचारलं, "बाई, तिला माहीत होतं का ती कोण आहे?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही मी त्या वाड्याच्या जिन्यावरून चढताना हाच प्रश्न मनात घेऊन चढते.

*

पुण्याहून

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. बाहेरून आपल्या कोणत्याही कोकणी घरासारखं, कौलारू, समोर अंगण. आत भिंतींवर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, छायाचित्रं. अर्ध्या तासात बघून होतं, आणि खरं सांगतो, बरेच जण दहा मिनिटांतच बाहेर येतात.

मला सोबत मिळाली ती आमच्या रिक्षावाल्याची. त्याला म्हटलं, आता थिबा राजवाड्याला चल. तो म्हणाला, "साहेब, एक गंमत सांगू? टिळक जन्मले इथं आणि इंग्रजांनी टाकले मंडालेच्या तुरुंगात. थिबा मंडालेचा, त्याला टाकला इथं." शाळेत दोन्ही गोष्टी शिकलो होतो, पण वेगवेगळ्या धड्यांत. तारखा जुळवून पाहिल्या. टिळक मंडालेला 1908 ते 1914. म्हणजे तिकडे ते गीतारहस्य लिहीत होते तेव्हा इकडे राजा आपल्या नव्या वाड्यात राहायला जात होता. एकाच सरकारने दोन माणसांची गावं अदलाबदल केली होती. ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी, एकापाठोपाठ बघावीत. आणि आधी टिळक आळी, मग राजवाडा.

*

यांगोनला तीन वर्षं नोकरी केलेला, आता नाशिकला

वरचं वाचून राहवलं नाही. यांगोनला असताना एका रविवारी बहादूरशाह जफरच्या दर्ग्यात गेलो होतो. दिल्लीच्या या शेवटच्या बादशहाला इंग्रजांनी रंगूनला, म्हणजे आताच्या यांगोनला, नेलं, 1862 मध्ये तो तिथेच गेला. खरी कबर बरीच वर्षं कोणाला ठाऊक नव्हती, 1991 मध्ये खोदकाम करताना सापडली. तिथे खाली उतरून कबरीपाशी जाता येतं. बाहेर एक बर्मी आजोबा बसले होते, मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आमचा राजा तुमच्याकडे आहे. तुम्ही त्याला बघायला जाता का?"

मी सातारचा, रत्नागिरी माझ्यापासून किती लांब? पण मी गेलो नव्हतो. मान खाली घालून "नाही" म्हणालो.

सुट्टीवर आलो तेव्हा पहिलं काम ते केलं. राजवाडा सगळ्यांना माहीत असतो, थिबाची समाधी मात्र विचारत विचारत जावी लागते. शिवाजीनगर भागात आहे. शेजारी त्याच्या धाकट्या राणीची. थोरली राणी सुपायालात 1919 मध्ये मायदेशी परतली आणि तिची समाधी यांगोनला श्वेडगॉन पगोड्याजवळ आहे. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. मी गेलो तेव्हा कोणीच नव्हतं. समोरच्या घरातल्या वहिनींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तिकडची माणसं येतात अधूनमधून. येतात आणि रडतात." मी समाधीचा फोटो काढला आणि यांगोनच्या एका मित्राला पाठवला, त्या आजोबांना दाखव म्हणून. दाखवला का ते कळलं नाही, आजोबा तिथे नेहमी बसायचे की त्याच दिवशी आले होते हेही मला माहीत नाही.

*

मुंबईहून

माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहिते. रत्नागिरीचा नाही, किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावाचा, नाव नको. तिथे एक छोटं चित्रदालन आहे. मी आणि माझे वडील गेलो. वडील आयुष्यभर साइनबोर्ड रंगवायचे, अक्षर असं की गावोगावचे लोक यायचे. दालनात अंधार. दिवे लावा म्हटल्यावर उत्तर आलं, "दोन माणसांसाठी दिवे लावत नाही." आम्ही मोबाइलच्या उजेडात चित्रं पाहिली. बाबा एकेका चित्राजवळ जाऊन ब्रशचा फटकारा कुठून सुरू झाला, कुठे उचलला ते मला दाखवत होते, आणि मी उजेड धरून उभी होते. पैसे दोन तिकिटांचे पूर्ण घेतले होते. मला आजही राग येतो. लहान गावात बघायला येतात तीच मुळी दोन-दोन माणसं. त्यांच्यासाठी दिवा लागला पाहिजे.

*

(धागा सुरू करणारीकडून: तुमचा राग अगदी रास्त आहे. पण वडिलांनी दाखवलेला तो ब्रशचा फटकारा मला दिसला, इथे बसून.)

*

कोल्हापूरहून, चित्रकलेचा विद्यार्थी

छत नाही, भिंत नाही, तिकीट नाही, अशा दालनाबद्दल लिहिलं तर चालेल ना? कातळशिल्पं. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, जांभ्यात कोरलेली चित्रं. हत्ती, मासे, माणसं, कोकणात आज नसलेले गेंड्यासारखे प्राणी, आणि काही नुसत्या आकृत्या ज्यांचा अर्थ लागत नाही. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू अशी ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आम्ही पाच जण कशेळीला गेलो. दुपारी बारा वाजता पोचलो ही मोठी चूक. सूर्य डोक्यावर, सावली पडत नाही, त्यामुळे कोरीव रेषा दिसतच नाही. समोर नुसता तापलेला काळपट-तांबडा सडा. आम्ही चक्क हत्तीवर उभे होतो आणि एकमेकांना विचारत होतो, हत्ती कुठाय? गुरं घेऊन चाललेले एक आजोबा म्हणाले, "आता जावा, जेवा, पाच वाजता या. आणि हां, चपला काढून या."

पाचला गेलो. ऊन तिरकं झालं होतं आणि दगडातून एक रेषा वर आली. खरंच वर आल्यासारखी. आजोबा पुढे चालत होते, आम्ही मागे, रेषेच्या कडेकडेने. सोंडेपासून कपाळ, मग पाठ, मग शेपूट. साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे तो हत्ती. एका नजरेत मावत नाही, चालूनच बघावा लागतो. आणि त्याच्या अंगात पुन्हा लहान लहान प्राणी कोरलेले.

मी तीन वर्षं रेखाटन शिकतोय. कागद समोर असतो, दोन पावलं मागे जाऊन चूक बघता येते. ज्याने हा हत्ती काढला त्याला मागे जाऊन बघायला जागाच नव्हती, उंच झाड नाही, टेकडी नाही. तो चित्राच्या आत उभा राहून काढत होता. पूर्ण हत्ती त्याला फक्त डोक्यात दिसत असणार. आणि पाठीची रेषा कुठेही अडखळलेली नाही! मी गुडघ्यावर बसून त्या खाचेत बोट घातलं. आत सुकलेलं शेवाळ आणि चार लाल मुंग्या. वही काढली होती, पण त्या दिवशी एकही रेघ मारली नाही.

जाणार असाल तर उक्षीलाही जा. तिथे गावानेच पुढाकार घेऊन शिल्पाभोवती कठडा केला आहे, वरून नीट पाहता येतं. आणि कुठेही रेषांत खडू किंवा रंग भरू नका, फोटो छान येतो म्हणून लोक भरतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलात की गरजच पडत नाही.

*

चिपळूणहून

मालगुंडचं केशवसुत स्मारक. गणपतीपुळ्याहून जवळच, पण देवदर्शन झालं की गाड्या परत फिरतात. कवीचं घर जपलेलं आहे, आवारात कविता दगडांवर कोरून लावल्या आहेत. मी तिथे गेले ती माझ्या सासूबाईंमुळे. त्या चौथी शिकलेल्या. एका दगडासमोर उभ्या राहिल्या आणि न वाचता पुढच्या ओळी म्हणायला लागल्या, शाळेत पाठ केलेल्या. मी दगडावर बोट ठेवून ताडून बघत होते. एकही शब्द चुकला नाही. त्यांच्यासोबत वीस वर्षं संसार केला, त्यांना कविता येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

*

डोंबिवलीहून

रत्नागिरीतल्या झाडगावच्या मत्स्यालयाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मुलगी सात वर्षांची. तिला देवमाशाचा सांगाडा बघायचा होता. तो पाहून झाला. ती एकेक मणका मोजत शेपटीपर्यंत गेली, मध्येच चुकली, पुन्हा जबड्यापासून सुरुवात, असं तीनदा. त्याबद्दल फार सांगत नाही, प्रत्यक्षच बघा.

मला सांगायचंय ते बरण्यांबद्दल. काचेच्या बरण्यांत औषधात ठेवलेले मासे. रंग उडून सगळे सारखेच पांढुरके झालेले, खाली इंग्रजी लिपीत शास्त्रीय नावं. मी मुलीला ती अक्षरं जुळवून वाचून दाखवत होतो, तिला कंटाळा आला होता. शेजारी एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मिरकरवाड्याच्या, म्हणजे इथल्या मासेमारी बंदराच्या, नंतर कळलं. त्या खाली बघतच नव्हत्या. बरणीतल्या माशाकडे बघून नुसतं नाव घ्यायच्या आणि पुढे सरकायच्या. मुडदुशी. सौंदाळा. शिंगाळा. लेप. मोरीचं पिल्लू. माझी मुलगी माझा हात सोडून त्यांच्यामागे गेली.

"आजी, रंग तर नाहीये. मग कसं कळतं?"

"बाय माझे, रंग कशाला? तोंड बघ त्याचं. शेजाऱ्याला तू कपड्यावरून ओळखतेस काय?"

मग त्यांनी तिला तोंडं बघायला शिकवलं. वर उघडणारं तोंड, खाली वळलेलं, मिशा असलेलं. अंगावरच्या खवल्यांची रेघ. शेपटीची काप. एका बरणीपाशी त्या बराच वेळ थांबल्या, काचेला नाक लावलं, पुन्हा मागे झाल्या. म्हणाल्या, हा लहानपणी जाळ्यात भरपूर यायचा, हल्ली बघितलाच नाही. नाव सांगितलं, पण तेवढ्यात नातू रडायला लागला आणि त्या निघाल्या.

मुलीने घरी येऊन वहीत नावं लिहिली. अकरा झाली. बारावं त्या बरणीतल्या माशाचं, ते तिला "खडवी" ऐकू आलं, मला "खवळी". दोघांची भांडणं चालू आहेत. शेपटीला खोल काप आहे, तोंड वर उघडतं, लांबी माझ्या पंजाएवढी. मिरकरवाड्याचं किंवा राजिवड्याचं कोणी वाचत असेल तर कृपया सांगा, तो मासा कोणता?