आई-बाबांचं तिकीट आरएसीत अडकलंय, रात्रभराच्या प्रवासाला पाठवावं का?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी, जरा घाईतच विचारतेय. पुढच्या शुक्रवारी आई-बाबांना नागपूरला जायचंय, मावसबहिणीचा साखरपुडा आहे. विदर्भ एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं तेव्हा वेटिंग होतं, ते सरकत सरकत आता आरएसी (म्हणजे वेटिंग आणि कन्फर्मच्या मधलं तिकीट) १७ आणि १८ वर आलंय, दोघं एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) आहेत. भाऊही सोबत जाणार होता पण त्याचं ऐनवेळी ठरलं म्हणून वेगळं तिकीट काढलं आणि ते अजून वेटिंग २३ दाखवतंय.

बाबा ७१ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत. आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे, पाय फार वेळ खाली सोडून बसलं की सूज येते. बाबांचं म्हणणं आरएसी म्हणजे झालंच की कन्फर्म, उगाच काळजी करू नकोस. मला काही ते पटेना. रात्री नेमकं काय होतं, झोपायला मिळतं की बसूनच जावं लागतं? आणि भाऊ म्हणतो मी वेटिंगवरच चढतो, आत गेल्यावर टीसीशी बोलून बघू. हे चालतं का? की सगळंच रद्द करून ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसने पाठवू? बसचं आईला नको वाटतं, रात्री बाथरूमची पंचाईत होते.

भुसावळ_जंक्शन

ताई, आधी भावाचं सांगतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. त्याचं तिकीट ऑनलाइन काढलेलं असेल आणि चार्ट (प्रवाशांची शेवटची यादी) लागल्यावर पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात परत येतात आणि त्याच्या हातात तिकीटच उरत नाही. मग तो चढला तर विनातिकीट धरतात, किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. काउंटरचं वेटिंग आपोआप रद्द होत नाही हे खरं, पण म्हणून त्यावर स्लीपरमध्ये किंवा एसीत बसता येतं असं नाही. पूर्वी बरेच जण असे जायचे, टीसीही सांभाळून घ्यायचे, आता उतरवतात. त्यामुळे आत गेल्यावर बघू हा विषय त्याने डोक्यातून काढून टाकावा. तिघांचं एकाच पीएनआरवर काढलं असतं तर गोष्ट वेगळी होती, एका पीएनआरवर कुणी कन्फर्म किंवा आरएसी आणि कुणी वेटिंग असं राहिलं तर चार्टमध्ये वेटिंगवाल्याचंही नाव येतं.

आता आरएसीचं. बाबांचं अर्धं बरोबर आहे. गाडीत चढायचा हक्क पक्का आहे, कुणी उतरवू शकत नाही. पण पक्की आहे ती बसायची जागा, झोपायची नाही. दोन आरएसीवाल्यांना मिळून एक साइड लोअर, म्हणजे बोळाच्या कडेचा खालचा बर्थ देतात. डबा आणि बर्थ नंबर चार्ट लागला की कळतो. बर्थच्या आकड्याला आठने भागून सात उरले की साइड लोअर समजायचं, म्हणजे ७, १५, २३, ३१ असे (टू एसीत हिशोब वेगळा, तिथे ५, ११, १७). तुमच्याकडे जमेची बाजू ही की १७-१८ लागून आणि एकाच पीएनआरवर आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा दोघांना एकच बर्थ येतो. अनोळखी माणसासोबत रात्र काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नंबर सरकायचं म्हणाल तर अजून आठवडा आहे, लोक कॅन्सल करत राहतात. शिवाय वेगवेगळ्या कोट्यातल्या न विकलेल्या जागा चार्ट लावताना आरएसी आणि वेटिंगला सोडतात, म्हणून शेवटच्या क्षणी आकडा एकदम हलताना दिसतो. मला विचाराल तर १७-१८ कन्फर्म व्हायची शक्यता चांगली आहे, पण साखरपुडा-लग्नाच्या तिथी असल्या की कॅन्सलेशन कमी होतं, त्यामुळे आत्ताच खात्री धरू नका. चार्ट पूर्वी गाडीच्या चार तास आधी लागायचा, २०२५ पासून तो बराच आधी लावतात, त्यामुळे संध्याकाळच्या गाडीचं त्याच दिवशी दुपारच्या आत कळून जाईल. १३९ ला फोन करून पीएनआर टाकला तरी सांगतात.

वर्धेकर_काका

भुसावळ यांनी नियम बरोबर सांगितलेत पण मी तरी गुडघ्याचं दुखणं असलेल्या बाईला आरएसीवर पाठवणार नाही, स्पष्टच सांगतो. आरएसी तिकीट आत्ता रद्द करू नका, तसंच ठेवा. गुरुवारी सकाळी १० ला एसीचं तत्काळ (आदल्या दिवशीचं बुकिंग) उघडतं, थ्री एसीसाठी तिघांचं एकत्र ट्राय करा. हुकलं तर ११ ला स्लीपरचं. तत्काळमध्ये आरएसी हा प्रकारच नसतो, मिळालं तर सरळ बर्थ, नाहीतर वेटिंग, आणि तत्काळचं वेटिंग असेल तर नाद सोडा. ऑनलाइन बुकिंगचा आयडी आधारशी जोडलेला आहे ना ते आजच बघून घ्या, त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ निघत नाही. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर दमडी परत मिळत नाही हेही लक्षात असू द्या. तत्काळ हातात आलं की मग आरएसी कॅन्सल करा, माणशी ६० रुपये कापून बाकीचे परत येतात.

सुमेधाताई

मी आणि आमचे हे कोल्हापूर-मुंबई अशा आरएसीवर बरेचदा गेलोय, त्यामुळे प्रत्यक्ष कसं असतं ते सांगते. दोन सीटा समोरासमोर, मध्ये खिडकी. गाडी सुटल्यावर पहिले दोनेक तास काही वाटत नाही. दहा वाजता दिवे मालवले की खरा प्रश्न येतो. तेव्हा दोन्ही सीटांच्या पाठी खाली पाडून सलग बर्थ करायचा. पाठी पाडल्या की मधोमध खाच राहते आणि ती बरोबर कमरेखाली येते. नव्या लाल डब्यांमध्ये खिडकीच्या कडेला एक गादीची फळी उभी लावलेली असते, ती वरून आडवी घ्यायची की सपाट होतं. बऱ्याच लोकांना ती फळी माहीतच नसते, रात्रभर खाचेवर तळमळत पडतात. जुना डबा असला तर एक जाड चादर चौघडी घालून खाचेत दाबायची.

मग दोघांनी पाळ्या लावायच्या. आईंना आधी झोपवा, दहा ते दोन, पाय पूर्ण पसरून. बाबांनी पायथ्याशी टेकून बसायचं, उशाकडे नाही, कारण जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बॅगा उशाशी आपटतात आणि तिथे बसलेला माणूसही पेंगत पेंगत झोपलेल्यावर कलंडतो. दोघांनीही आडवं व्हायचं तर एकाचं डोकं इकडे आणि एकाचं तिकडे, पण गुडघे दुखत असतील तर ते जमत नाही, पाय दुमडून घ्यावे लागतात. सात किंवा डब्यातली अगदी शेवटची साइड लोअर आली तर दाराजवळ येते, रात्रभर दार उघडझाक आणि संडासाची वर्दळ, पण आईंना उठून जायला तेच जवळ पडेल, म्हणजे अगदीच वाईट नाही.

साइड अपरवाला दहानंतरही खाली बसून राहिला तर नम्रपणे सांगायचं, रात्री दहा ते सहा खालच्या बर्थवर त्याचा हक्क नसतो. बहुतेक लोक वय बघून आपणहून वर जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीसी येईपर्यंत झोपायचं नाही! विदर्भला कल्याण-इगतपुरीपर्यंत कोण आलं कोण नाही हे त्यांना कळलेलं असतं. रिकामे बर्थ आरएसीच्या क्रमानेच द्यायचे असतात आणि आता त्यांच्या हातातल्या मशीनवर ते दिसतं. पण मिळालेला बर्थ अपर असेल तर आईंनी घ्यायचा नाही, तो बाबांना द्यायचा आणि आईंनी साइड लोअरवर राहायचं. एकाला जरी बर्थ मिळाला तरी दुसऱ्याला साइड लोअर मोकळी मिळण्याची शक्यता असते, फक्त तिथे दुसरा आरएसीवाला येणार आहे का ते टीसींना लगेच विचारून घ्या.

ठाणेकरीण

खूप खूप आभार सगळ्यांचे. सुमेधाताई, त्या फळीचं खरंच माहीत नव्हतं, बाबांना फोटो शोधून दाखवते. भावाला वेटिंगवर चढायचं नाही हे सांगितलं, थोडा कुरकुरला पण ऐकलं. गुरुवारी तत्काळ बघतोच. फक्त एक शंका, समजा तत्काळ मिळालं नाही, शुक्रवारी चार्ट लागला आणि तेव्हाही आरएसीच राहिलं आणि आईने ऐनवेळी नको म्हटलं तर पैसे बुडाले का?

भुसावळ_जंक्शन

नाही बुडत, पण वेळ सांभाळावी लागते. चार्ट लागल्यावर आरएसीचं ऑनलाइन तिकीट नेहमीसारखं कॅन्सल होत नाही, टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरावा लागतो, तोही गाडीच्या ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत. गाडी उशिरा असली तरी वेळ टाइमटेबलचीच धरतात. ती मर्यादा ओलांडली की काही मिळत नाही. टीडीआरचे पैसे यायला वेळ लागतो, म्हणून आईंचं नक्की काय ते चार्ट लागायच्या आधी विचारून घ्या, तेव्हा साध्या कॅन्सलने काम होतं.

वर्धेकर_काका

अजून एक, परतीचं तिकीट काढलं नसेल तर आजच काढा. बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही, त्यामुळे लोक तुटून पडतात. आई-बाबा दोघांचंच वेगळं काढा आणि कोट्यात सीनियर सिटिझन निवडा. तिथे पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षं पूर्ण लागतात आणि एका तिकिटावर दोनच माणसं चालतात, भावाचं नाव घुसवलं की तो कोटा मिळत नाही. भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे पण लोअर बर्थचा हा कोटा चालू आहे. त्यात जागा असेल तर दोघांनाही खालचा बर्थ मिळतो.