ऑनलाइन परीक्षेने मुलांचं भलं झालं की नुकसान?

रानवाट: कोरोनाच्या काळात, २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. मग ऑक्टोबरात आपल्याकडच्या विद्यापीठांनी घाईघाईने बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षा उरकल्या. खेड्यातल्या मुलांवर त्यात सरळसरळ अन्याय झाला, असं माझं ठाम मत आहे. माझा भाऊ तेव्हा बीएस्सीला होता. घरात रेंज नाही म्हणून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायचा. एका पेपरला लॉगिन झालं, प्रश्नही आले, पण आकृतीच्या जागी पांढरा चौकोन. वर घड्याळ चालूच! हेल्पलाइन शेवटपर्यंत लागली नाही. पुढे फेरपरीक्षा मिळाली, पण ती देईपर्यंत पोरगा पार खचला होता.

शेवटचा_बाक: ताई, भावाचं खरंच वाईट वाटलं. पण दुसरा मार्ग काय होता? आमचं वसतिगृह मार्चमध्येच रिकामं करून घेतलं होतं. केंद्रावर पेपर द्यायचा तर पुण्यात राहायचं कुठे, एसटी मिळणार कशी? घरी आजोबा दम्याचे. मोबाईलवर पेपर दिला म्हणून माझं वर्ष वाचलं.

खडू_फळा: वर्ष वाचलं, पण शिक्षणाचं काय? मी भौतिकशास्त्र शिकवतो. वहीवर सिद्धता लिहिताना शेवटचं उत्तर चुकलं तरी बरोबर आलेल्या पायऱ्यांचे गुण पडतात. बहुपर्यायीत सगळं किंवा शून्य. शिवाय पेपर सुरू असतानाच व्हॉट्सॲपवर उत्तरं फिरत होती. प्रामाणिक मुलं मागे पडली, याची मला अजून चीड येते. २०२२ मध्ये लेखी परीक्षा परत आल्या तेव्हा हुशार मुलांचेही हात दीड तासात भरून यायचे. लिहिण्याची सवयच गेली होती.

अंधुक: सर, लेखीची बाजू घेताना आमच्यासारख्यांचाही विचार करा. मला फार कमी दिसतं. लेखी परीक्षेला तासामागे किमान वीस मिनिटं जादा मिळतात, पण लेखनिक आयत्या वेळी सापडत नाही, आणि सापडला तरी त्याला समीकरण तोंडी सांगता सांगता जीव जातो. ऑनलाइन पेपरला मी अक्षरं हवी तेवढी मोठी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय परीक्षा दिली. ते सुख मी सोडणार नाही.

रानवाट: अंधुक, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. ज्यांना गरज आहे त्यांना ती सोय कायम राहायलाच हवी. माझा राग घरच्या रेंजवर परीक्षा सोडून देण्यावर आहे. तालुक्याच्या कॉलेजात संगणकावर पेपर घ्या, जनरेटर ठेवा, आणि नेट तुटलं की घड्याळही थांबू द्या.

शेवटचा_बाक: ताई, आमच्या तालुक्याच्या कॉलेजातले निम्मे संगणक सुरूच होत नाहीत. आधी त्यांचं बघा, मग केंद्राचं बोलू.